पन्नासच्या पुढं बोट काहून मरते

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा मेली! बोट मेली, अजून कोण. डॅमच्या मधोमध, मागं मीरा दोरी धरून स्कीवर उभी, वेगाचा काटा पन्नासपाशी आला अन् इंजिनाचा दमच गेला. बंद नाही पडलं. घरघर चालू, ताकद नाही. बोट बसली, दोरी ढिली पडली अन् माझी पोट्टी सरळ सिंघाड्याच्या वेलीत.

वरून यशवंतराव – आमच्या जलक्रीडा समितीचे सचिव – काठावरून ओरडतात, "घाबरू नका सुनीतीताई, नवी बोट आहे, बुजते!" बुजायले ती काय घोडी आहे? पण ह्यांना सगळीकडं घोडंच दिसतं. पुरानी बस्तीतलं घराणं, पूर्वज भोसल्यांच्या घोडदळात होते म्हणे. त्यामुळं वेगाचं जे काही असेल ते ह्यांनाच कळतं!

सोळा तारखेले निवड चाचणी. दिल्लीहून निरीक्षक येणार, पाण्यावर तरंगणाऱ्या नारंगी गोळ्यांमधून मीराले पन्नासच्या वेगात जाताना पाहणार. पास झाली तर राष्ट्रीय शिबिर. जानेवारीत तिले एकवीस पूर्ण होतात, मंग हा वयोगटच बंद. यंदा नाही तर नाहीच. अन् बोट पन्नास धरत नाही. निरीक्षक पाहणार काय – कपाळ?

रायपूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उरल्यात, माझं जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. रोलिंग मिलवाल्यांचं इंजिन अडलं की पहिला फोन मले. पण डॅमवर मी कोण? "मीरा की मम्मी." समितीच्या इंजिनले मम्मीनं हात लावायचा नाही!

४ नोव्हेंबर

चिडचिड. बोट बांधलेली असताना जवळून पाहून आली. हात लावला नाही, डोळे लावले.

दसऱ्याले हिचं लोकार्पण झालं तेव्हा मी गावाले होती, म्हणून नवऱ्यानं, नरहरनं, जे सांगितलं तेच माहीत. भैयाजींनी बोट दिली. भैयाजी म्हणजे समितीचे संरक्षक, उरल्यात दोन रोलिंग मिल, राहणं बारा महिने मुंबईले. आलेच नाही! व्हिडिओ कॉलवर नारळ फुटला. यशवंतरावांनी फोन बोटीपुढं धरला, मारोतीनं – बोट चालवतो तो – नारळ आपटला, पाणी फोनवर उडालं अन् भैयाजी स्क्रीनवरून गेले. नंतर त्यांचा फोन कालपर्यंत लागला नाही.

त्यांच्या बदल्यात त्यांचा चेहरा आला. बोटीच्या बाजूवर हा मोठा स्टिकर! गोरापान चेहरा, काळ्याभोर मिशा, जोडलेले हात, खाली "सौजन्य से". हार वाळून लटकून राहिले तसेच. अन् नाक तर अगदी वर आलेलं, बोटानं चिमटीत धरावं असं. यशवंतराव म्हणे, "थ्रीडी आहे ताई. आजकाल असंच निघतं."

मी म्हटलं, भैयाजी साठीच्या पुढं आहेत ना? केस इतके काळे?

"तरुणपणीचा फोटो आहे. त्यांनी खास निवडला."

नरहर मान वाकडी करून म्हणाला, "याले मी कुठंतरी पाहिलं हो." यशवंतराव तिखट हसले. "पाहिलंच असेल. सगळं रायपूर ओळखतं त्यांना."

६ नोव्हेंबर, गुरुवार

नारळ-पक्षाचा विजय!

बोट मेली की मारोती काय करतो – टाकीचं झाकण उघडतो, बांबूची काडी आत घालतो, पेट्रोल किती आहे ते पाहतो. पेट्रोलचा काटा पहिल्या दिवसापासूनच बंद आहे. आज काडी घातली, "है दीदी, आधी टंकी से ऊपर है," झाकण लावलं. तेवढ्यात यशवंतराव लिंबू-मिरची अन् नारळ घेऊन हजर. बोटीभोवती ओवाळलं, फोडला. बोट सुटली – अन् बाप्पा! पन्नास! मीरा दोरीले लटकून अशी झोक घेत गेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कायले सांगू, मीही हात जोडले.

परत येताना मेली.

"नारळ छोटा होता," यशवंतराव.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठा नारळ झाला. मेली.

आता म्हणे पेट्रोलच खराब. दुसऱ्या पंपावरून कॅन भरून आणला, टाकीत ओतला. बोट सुटली, पन्नास! यशवंतरावांनी तिथल्या तिथं पहिल्या पंपावर बहिष्काराचा ठराव मांडला. मारोतीनं अनुमोदन दिलं. ठराव लिहून होण्याआधी बोट मेली. ठराव मात्र पास आहे.

९ नोव्हेंबर

आज माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

यशवंतरावांनी मले बाजूले घेतलं. आवाज बारीक केला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. बोट एकटी पन्नास धरते. मागं मीरा असली की धरत नाही. तर... वजनाचं पाहा जरा. भात सोडायले सांगा."

एकटी धरते म्हणे! एकटी किती वेळ चालवली? काठापासून काठापर्यंत, चहा पिण्याइतकी! अन् ते इंजिन हत्ती ओढेल. माझी पोट्टी काय बोटीच्या जिवावर उठली? मी काय काय बोलली ते इथं लिहीत नाही, पान खराब होईल. भोसल्यांच्या घोडदळाचा उद्धार झाला एवढं लिहिते.

पण मीरानं ऐकलं होतं. घरी आली, ताटातला भात बाजूले सारला. मी म्हटलं, खा गं. तर म्हणते, "आई, रहने दो ना. हो सकता है मैं ही भारी हूँ." सहा वर्षं पहाटे उठून पाण्यात उतरली ही. हाताच्या तळव्यांना घट्टे पडले. अन् आज तिले वाटून राहिलं की दोष तिचाच आहे.

मले रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मंग ठरवलं. हात लावायचा म्हणजे लावायचा. कोण अडवतो पाहते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अडवलं नाही कोणी! परवाच्या बोलण्याचा परिणाम. यशवंतराव लांब उभे राहिले, छत्री घेऊन. ऊन नव्हतं.

मी इंजिन उघडलं. प्लग पाहिले, चांगले. पाण्याखालचा पंखा पाहिला, वेल-बिल काही गुंडाळलेलं नाही. तापून नाही राहिलं. म्हणजे इंजिनाले पेट्रोल पुरून नाही राहिलं, बस्स. फिल्टर मळका निघाला – सापडलास! नवा बसवला. टाकीत कचरा आहे का म्हणून झाकण उघडून आत बॅटरी मारली. साफ. झाकण लावलं.

बोट सुटली. पन्नास! पुढंही गेली! मी यशवंतरावांकडं पाहिलं. तोंडानं काही म्हटलं नाही, पण डोळ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. नरहरले म्हटलं, पाहिलं? हे नारळाचं काम नाही. याले अक्कल लागते. पेढे आण.

पेढे आले नाही तोवर मेली!

माझा फिल्टर अन् त्यांचा नारळ एकाच लायकीचे निघाले. पेढे मारोतीनं खाल्ले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी तेलाचा नवा डबा फोडायचा होता, मीराच्या चिवड्यासाठी. शिबिराले नेईन म्हणून तिनं मागं सांगितलं होतं, मी म्हटलं करूनच टाकू, तेवढाच शकुन. नरहरले वर्कशॉपचा टोचा दिला. त्यानं डब्याले एक भोक पाडलं अन् केला वाकडा. तेल आधी धार धरून आलं, मंग गचके, मंग थेंब थेंब. लग्नाले तीस वर्षं होत आली, ह्या माणसाले डबा फोडता येत नाही. मी ओरडली, "अहो, दुसरं भोक पाडा ना! हवा कुठून जाईल आत?"

अन् माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

हवा कुठून जाईल आत!

इंजिन टाकीतून पेट्रोल ओढतं. जेवढं पेट्रोल बाहेर, तेवढी हवा आत यायले पाहिजे. हळू चालवली तर थोडंच ओढतं, निभून जातं. पन्नासनं चालवली तर घटाघटा ओढतं, अन् हवा आली नाही की टाकी पेट्रोल सोडत नाही. डब्यासारखंच! मंग मारोती काडी घालायले झाकण उघडतो, हवा आत जाते, बोट पुन्हा जिवंत. नारळ फोडला तेव्हा झाकण उघडलं होतं. कॅन ओतला तेव्हा उघडलं होतं. मी बॅटरी मारली तेव्हाही उघडलंच होतं! जो झाकणाजवळ उभा तो वैद्य!

नरहर तेल पुसून राहिला अन् मी स्वयंपाकघरात नाचून राहिली. मीरा आली, "क्या हुआ?" म्हटलं, तू भारी नाहीस. भात खा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जनरेटरले हवेचं भोक झाकणातच असतं. ह्या बोटीच्या झाकणाले भोकच नाही. म्हणजे टाकीची हवेची नळी बाहेर कुठंतरी निघत असणार. टाकीपासून नळी हातानं चाचपत गेली. नळी गेली बोटीच्या बाजूले. आतून जिथं संपते ती जागा हेरली, बाहेर जाऊन पाहिलं –

नाक!

थ्रीडी कुठलं, माझ्या बाई! नळीचं तोंड आहे ते, बाहेर थोडं वर आलेलं. त्यावर स्टिकर ताणून चिकटवला. भैयाजींच्या नाकाखाली बोटीचं नाक दाबलेलं आहे.

मी हसून हसून धक्क्यावर बसली. मंग यशवंतरावांना सांगितलं, एवढा स्टिकर काढा, काम झालं.

ते पांढरे पडले. "भैयाजींना काढायचं?"

नाही तर नाकाले बारीक भोक पाडू.

"भैयाजींच्या नाकाले भोक?" त्यांनी मागंपुढं पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. "ताई, उद्या ते बोट परत मागतील. समिती राहील का? मीरा राहील का?"

तातडीची बैठक बोलावली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बैठक झाली. भैयाजींना विचारू म्हणाले, तर त्यांना फोन लावायची हिंमत कोणात नाही. निर्णय असा की पहिला स्टिकर ज्यानं छापला त्याच तात्यापारा मोहल्ल्यातल्या फ्लेक्सवाल्याकडून नवा करायचा, त्यात चेहरा एक वीत मागं सरकवायचा. सन्मानपूर्वक स्थलांतर म्हणे. फ्लेक्सवाला म्हणतो, लग्नसराई आहे, पुढल्या आठवड्यात.

चाचणी उद्या आहे!

मी बोलली तर यशवंतरावांनी तोडगा काढला: मारोती दर फेरीच्या आधी झाकण उघडेल, टाकीले श्वास घेऊ देईल, बंद करेल. मी म्हटलं, फेरी अन् वळण अन् परतीची फेरी, एवढ्यात पुरणार नाही ती हवा. झाकण ढिलं ठेवावं तर पेट्रोल सांडेल, आग लागेल.

"ताई, श्रद्धा ठेवा."

टोचा पिशवीत टाकून ठेवला आहे. श्रद्धाही ठेवली आहे त्याच्यासोबत.

१६ नोव्हेंबर, रविवार

क्रमानं लिहिते.

मीराची पाळी आली. मारोतीनं झाकण उघडलं, फुस्स झालं, लावलं. जाताना सगळे गोळे साफ. वळली. परतीच्या अर्ध्या वाटेत इंजिनानं मान टाकली अन् मीरा पाण्यात. निरीक्षकबाईंनी मान हलवली, म्हणाल्या, बोटीचा दोष दिसतो, एक फेरी परत देते. एकच.

मीरा पाण्यातून माझ्याकडं पाहून राहिली होती. ओठ निळे. तिनं काही मागितलं असतं तर मी कदाचित यशवंतरावांना विचारायले गेली असती. ती नुसती पाहत होती.

बोट धक्क्याले लागली. मी चपला काढल्या, साडी खोचली, कंबरभर पाण्यात उतरली. मागून यशवंतराव, "ताई! ताई, नको! मागून मारा, कानाकडून मारा!" म्हटलं, कानात नळी नाही! अन् टोचा नाकाच्या शेंड्यावर ठेवून दाबला. पुक् आवाज झाला. लांब श्वास आत गेला, मी कानानं ऐकला. दीड महिना दाबलेला जीव मोकळा झाला बिचारा.

मीरा उठली. पन्नास. पन्नासच्या पुढं. जाताना साफ, वळण, परतीचे गोळे – एक, अजून एक, शेवटचा! बोट रडली नाही. मी पाण्यातच उभी, तोंडानं काय ओरडून राहिली होती देव जाणे. नरहर म्हणतो शिव्या होत्या.

पास! निरीक्षकबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. मीरानं घरी येऊन तीन वाट्या भात खाल्ला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मले वाटलं संपलं.

मीराचं नाव दिल्लीले समितीच्या सहीशिक्क्यानं जातं. उद्या शेवटचा दिवस. शिक्का यशवंतरावांच्या खिशात. सकाळी आले, चहा घेतला नाही. म्हणाले, संरक्षकांच्या नासिकेचा भर कार्यक्रमात अवमान झाला. आधी जाहीर क्षमायाचना, मंग शिक्का.

नासिका!

मी म्हटलं, घरातून निघा. ते निघाले. शिक्काही निघाला त्यांच्यासोबत.

मीरा म्हणते, "आई, मत करो. मुझे नहीं चाहिए ऐसा." खोटं बोलून राहिली पोट्टी. दोरी धरायचे हातमोजे तिनं सकाळीच बॅगेत भरले होते, मी पाहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

केली. माफी मागितली.

धक्क्यावर समिती रांगेत उभी. बोटीले ताजा हार, उदबत्ती. यशवंतरावांनी सांगितलं ते त्यांच्यामागून म्हटलं. "माझ्याकडून अनवधानानं..." अनवधान! नेम धरून मारला होता मी. मंग म्हणे पाया पडा. फोटो छातीपर्यंतच. पाय कुठून आणू? "पाण्याखाली आहेत असं समजा," यशवंतराव म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

बापापुढं वाकली नाही तेवढी वाकली. मारोतीनं मोबाइलवर फोटो काढला अन् समितीच्या ग्रुपवर टाकला. शिक्का उमटला. नाव गेलं.

वाटेत नरहर खाली मान घालून चालला होता. मले वाटलं, त्यालेही लागलं. तर म्हणतो काय, "सुनीती, रागावू नको. पण हा माणूस मी रोज पाहतो. कुठं पाहतो तेच आठवून नाही राहिलं."



२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी फोन. मुंबईहून भैयाजी, स्वतः. मी उभी राहिली.

"दीदी, बधाई हो, बिटिया का सुना। ग्रुप पे आपका फोटो भी देखा। बस एक बात पूछनी थी – आप ये पैर किसके पड़ रही हैं? मैंने तो फोटो भेजा ही नहीं था।"

नरहर पोहे आणायले गेला होता. परत आला तो धावत. तात्यापाऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात काचेवर लावलेला आहे म्हणे, वर्षानुवर्षं. तोच चेहरा, त्याच मिशा, तेच जोडलेले हात. खाली लिहिलं आहे, "यहाँ आपका फोटो". भैयाजींचा फोटो आलाच नाही, तर त्यानं हा नमुन्याचाच छापला. फोटोतला माणूस दुकानदाराचा साडू. बिलासपूरले चष्मे विकतो.

टोचा कुठं ठेवला मी?